महासाथीचं विज्ञान: साथ समजते कशी आणि आटोक्यात येते कशी

एखादा संसर्गजन्य रोग एकाच वेळी अनेक देशांत, अनेक खंडांत माणसामाणसांतून पसरायला लागला की त्याला महासाथ किंवा महामारी म्हणतात. तिचा अभ्यास मुख्यतः साथरोगशास्त्रात होतो, पण ते एकटं पुरत नाही, विषाणूशास्त्र, संख्याशास्त्र, लसींचं शास्त्र, हवा कशी खेळते याचं भौतिकशास्त्र आणि माणसं घाबरल्यावर कशी वागतात याचा अभ्यास असं बरंच काही त्यात येतं. सामान्य माणूस पहिला प्रश्न विचारतो की रोग किती मारतो, आणि ते साहजिकच आहे, पण साथ आवरता येणार की नाही हे बरंचसं दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं: लागण झालेला माणूस दुसऱ्याला रोग कधी देतो, स्वतः आजारी पडायच्या आधी की नंतर?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सार्स आणि कोविड. दोन्ही कोरोनाव्हायरस, एकमेकांचे जवळचे नातेवाईक. 2003 च्या सार्समध्ये 8,098 केसेस आणि 774 मृत्यू नोंदले गेले, म्हणजे जवळपास दहातला एक माणूस गेला. कोविडपेक्षा कितीतरी जास्त मारक रोग, तरी जुलै 2003 मध्ये तो आटोक्यात आला आणि तेही लस नसताना, खात्रीचं औषध नसताना. कारण सार्सचा पेशंट सर्वात जास्त व्हायरस सोडायचा तो आजाराच्या साधारण दुसऱ्या आठवड्यात, तोपर्यंत तो तापाने फणफणून हॉस्पिटलात पोचलेला असायचा. त्यामुळे मार बसला तो डॉक्टर-नर्सेसना, एकूण केसेसपैकी दर पाचातली एक आरोग्य कर्मचाऱ्याची होती. पण ताप आलेला माणूस शोधा, वेगळा ठेवा, त्याच्या संपर्कातल्यांवर नजर ठेवा, एवढ्या जुन्या पद्धतीच्या कामावर साखळी तुटली. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस रोग पसरवायला लागतो, आणि काहींना तर लक्षणं येतच नाहीत. मग विमानतळावर कपाळाला थर्मल गन लावून काय सापडणार? जो सापडायला हवा त्याला ताप आलेलाच नसतो.

आता ज्याच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलंय तो आकडा, आर-नॉट. कुणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा समाजात एक रुग्ण सरासरी किती जणांना रोग देतो, तो हा आकडा. गोवरासाठी तो साधारण 12 ते 18 सांगतात, 1918 च्या फ्लूसाठी 2 च्या आसपास, कोविडच्या मूळ व्हायरससाठी 2 ते 3. हा 1 च्या वर असला की साथ वाढते, 1 च्या खाली गेला की विझते, साथ आवरणं म्हणजे शेवटी हा आकडा 1 च्या खाली ढकलणं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी की हा व्हायरसच्या अंगचा गुण नाही. माणसं किती दाटीने राहतात, किती जणांना भेटतात, हवा खेळती आहे का, यावर तो बदलतो, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही.

शिवाय ती सरासरी आहे, आणि सरासरी फसवते. सार्स आणि कोविड दोन्हींत बहुतेक रुग्ण कुणालाच रोग देत नाहीत आणि थोडेसे रुग्ण मात्र खूप जणांना देतात. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली, 61 जण हजर होते, त्यात एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. नंतर खात्रीच्या आणि संभाव्य मिळून 53 केसेस निघाल्या आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद खोली, मोठ्याने गाणं, तोच श्वास पुन्हा पुन्हा. हे एकदा कळलं की उपाय बदलतात. सगळीकडे सगळं बंद करण्यापेक्षा गर्दीच्या, कोंदट, बोलण्या-गाण्याच्या जागा आधी पकडायच्या. कॉन्टॅक्ट ट्रेसिंगही उलट्या दिशेने करायचं, म्हणजे या रुग्णाने कुणाला दिलं हे शोधण्याआधी याला कुठे लागलं ते शोधा, तिथे अजून वीस जण सापडायची शक्यता जास्त. रोग हवेतल्या बारीक कणांतून पसरतो की जड थेंबांतून यावर 2020 मध्ये शास्त्रज्ञांत चांगलीच जुंपली होती, आणि त्या वादात बराच मौल्यवान वेळ पृष्ठभाग पुसण्यात गेला असं माझं तरी मत आहे. खिडक्या उघडणं जास्त कामाचं होतं.

वाढीचा वेग माणसाच्या डोक्यात बसत नाही, हीसुद्धा एक अडचणच. केसेस दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील तर 100 च्या महिन्याभरात एक लाखाच्या वर जातात. म्हणजे निर्णय एक आठवडा लांबवला तर साथ तेवढ्यात पाचपट झालेली असते. त्यात आपण जे पाहतो ते आजचं नसतंच. आज ज्याचा मृत्यू नोंदला गेला त्याला लागण तीन-चार आठवड्यांपूर्वी झालेली, आज जो पॉझिटिव्ह आला त्याला आठवड्याभरापूर्वी, मधे लक्षणं यायचे दिवस, टेस्टला जायचे दिवस, रिपोर्ट यायचे दिवस. म्हणून आज कडक निर्बंध लावले तरी पुढचे दोन आठवडे आकडे वाढतच राहतात आणि लोक म्हणतात बघा, काही उपयोग झाला का, तर उपयोग झालेला असतो पण तो आकड्यांत यायला वेळ लागतो.

मृत्यूदराचं गणितही यामुळेच गंडतं. साथ चालू असताना झालेले मृत्यू भागिले सापडलेल्या केसेस असा भागाकार केला की तो दोन उलट दिशांनी चुकतो. सार्सच्या सुरुवातीला दर 4 टक्क्यांच्या आसपास वाटला आणि शेवटी तो साडेनऊच्या वर गेला, कारण सुरुवातीला बरेच रुग्ण अजून हॉस्पिटलात होते, त्यांचं काय होणार ते ठरायचं होतं. 2009 च्या स्वाईन फ्लूत बरोबर उलटं झालं, आधी फक्त गंभीर रुग्ण मोजले गेले, सौम्य आजारवाले घरीच बरे झाले, म्हणून रोग होता त्यापेक्षा भयंकर दिसला. खरा आकडा हवा असेल तर लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे संसर्गानंतर शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं, तपासून किती जणांना नकळत होऊन गेलं ते आधी काढावं लागतं.

या सगळ्या गणिताची मुळं शंभर ते पावणेदोनशे वर्षं मागे जातात. लंडनमध्ये 1854 च्या कॉलऱ्यात जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं खरं भक्कम काम दुसरं आहे. दोन पाणी कंपन्या शहराच्या एकाच भागात, कधी कधी शेजारशेजारच्या घरांना पाणी पुरवत होत्या. एक थेम्स नदीचं घाणेरडं पाणी घ्यायची, दुसरीने आपली पाणी उचलायची जागा वरच्या बाजूला हलवली होती. स्नोने घराघराचा हिशोब केला तर पहिलीच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू आणि दुसरीच्या 37. कॉलऱ्याचा जंतू अजून सर्वमान्य झालेला नसताना त्याने पाणी पकडलं. रोनाल्ड रॉस या डॉक्टरने 1897 मध्ये सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी शोधला, 1902 मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण पुढे त्याने गणिताने असंही दाखवलं की मलेरिया संपवायला शेवटचा डाससुद्धा मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली तरी साखळी तुटते. त्या काळी हे पटवून देणं सोपं नव्हतं.

मग 1927 मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीचं ते गणिती मॉडेल मांडलं जे आज एसआयआर नावाने ओळखलं जातं. त्यात लोकांचे तीन गट करतात, लागण होऊ शकते असे, सध्या लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीबाहेर गेलेले, आणि एका गटातून दुसऱ्यात माणसं किती वेगाने सरकतात त्याची समीकरणं लिहितात. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होता, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याची दृष्टी गेलेली, आणि मॅकेंड्रिक भारतात वैद्यकीय सेवेत राहून आलेला. त्यांनी मॉडेल ताडून पाहिलं ते मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या मृत्यूंवर, आणि मॉडेलच्या आलेखाचा वक्र अगदी झक्कास जुळला. गंमत अशी की मुंबईचा प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता आणि मॉडेल धरून चाललं होतं माणसाकडून माणसाला! म्हणजे वक्र जुळला म्हणून कारण बरोबर असं होत नाही, ही गोष्ट मॉडेलवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवायला हवी. तरी त्यातला मुख्य निष्कर्ष टिकला, साथ थांबते ती सगळे निरोगी लोक संपले म्हणून थांबत नाही, त्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की थांबते.

हर्ड इम्युनिटी, म्हणजे समूहाची प्रतिकारशक्ती, म्हणतात ती तिथूनच येते. आर-नॉट 2.5 असेल तर साधारण 60 टक्के लोक सुरक्षित झाले की साथ उतरते, गोवरासारखा 15 असेल तर 93 टक्के लागतात. कागदावर सोपं. प्रत्यक्षात प्रतिकारशक्ती काही महिन्यांत कमी होते, व्हायरसचा नवा प्रकार म्हणजे व्हेरियंट येतो आणि आकडाच बदलतो, नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन समोर आला तेव्हा आधी एकदा होऊन गेलेल्यांनाही पुन्हा झाला. लोकांना होऊ द्या, आपोआप हर्ड इम्युनिटी येईल, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग सोयीस्कर गाळला होता.

मॉडेलच्या नशिबी अजून एक दुखणं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने मार्च 2020 मध्ये काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये सुमारे 5,10,000 मृत्यू होतील असा अंदाज दिला. मग निर्बंध आले, मृत्यू त्यापेक्षा खूप कमी झाले, आणि अंदाज चुकला म्हणून ओरड झाली. अहो, "काहीच केलं नाही तर" हे शब्द होते ना त्यात.

टेस्टचंही असंच, पॉझिटिव्ह म्हणजे काय हे साथ किती पसरलीय त्यावर ठरतं. समजा दहा हजार माणसांत 100 जणांना रोग आहे, टेस्ट 100 पैकी 90 आजारी बरोबर पकडते आणि निरोगी माणसांतल्या 5 टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. मग खरे पॉझिटिव्ह 90, खोटे 495, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहांपैकी जेमतेम एकाला खरंच रोग. टेस्ट तीच, पण साथ जोरात असताना निम्म्या लोकांना रोग असेल तर हेच चित्र पूर्ण उलटं दिसतं. म्हणून सरसकट सगळ्यांच्या टेस्ट करा हा सल्ला ऐकायला चांगला वाटतो तेवढा नेहमी चांगला नसतो.

औषध चालतं की नाही हे ठरवायला रँडमाइज्ड ट्रायलला, म्हणजे कुणाला औषध द्यायचं ते नशिबावर सोडून केलेल्या चाचणीला, पर्याय नाही, आणि साथीच्या घाईत नेमकी तीच टाळली जाते. बहुतेक रुग्ण कशानेही बरेच होतात, त्यामुळे ज्याने जे दिलं त्याला वाटतं माझ्यामुळे झालं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये हजारो रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या गटांत वाटलं गेलं, आणि जून 2020 मध्ये निकाल आले: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि ज्याचा एवढा गाजावाजा झाला त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने काहीच फरक पडला नाही. ज्यांना ऑक्सिजनच लागला नव्हता अशांना मात्र स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही, तेव्हा इथेही कधी द्यायचं हा प्रश्न आलाच.

लसीचा 95 टक्के परिणाम म्हणजे शंभरातले पाच जण आजारी पडतात असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. फायझर कंपनीच्या कोविड लसीच्या ट्रायलमध्ये 43 हजारांवर माणसं होती, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोविडच्या 170 केसेस आल्या, त्यातल्या 162 मिठाच्या पाण्यावाल्या आणि 8 लसवाल्या, त्या तुलनेतून 95 निघाले. जानेवारी 2020 मध्ये व्हायरसचा साधारण 30 हजार अक्षरांचा जीनोम, म्हणजे त्याचा पूर्ण जनुकीय मजकूर, जाहीर झाला आणि डिसेंबरमध्ये लसीला आपत्कालीन मंजुरी मिळाली. घाईघाईत केली असं म्हणतात, पण त्यामागे एमआरएनएवरचं, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवरचं, काही दशकांचं काम होतं ज्यासाठी कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांना 2023 मध्ये नोबेल मिळालं.

रोग समूळ घालवणं हे मात्र फार क्वचित जमतं. माणसांच्या रोगांत आजवर एकच गेला, देवी, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. सरसकट लसीकरणाच्या जोडीला तिथे रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं अशी रिंग पद्धत वापरली, आणि ती चालली कारण देवी फक्त माणसातच राहायची, अंगावरचे फोड कुणालाही ओळखता यायचे आणि रोग मुख्यतः फोड आल्यावरच पसरायचा. फ्लूकडे यातलं काहीच नाही. तो रानटी पाणपक्ष्यांत कायमचा मुक्कामाला असतो, लक्षणांच्या आधल्या दिवसापासून पसरतो आणि सतत रूप बदलतो, त्यामुळे तिथे पाळत हाच मार्ग. जगभरातल्या प्रयोगशाळा नमुने गोळा करत राहतात आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लसीत व्हायरसचे कुठले स्ट्रेन म्हणजे प्रकार घालायचे ते सुचवते. लस बनायला साधारण सहा महिने लागतात, म्हणून हा निर्णय तो फ्लू यायच्या कितीतरी आधीच घ्यावा लागतो, आणि मधल्या काळात व्हायरस बदलला तर त्या वर्षीची लस कमी लागू पडते.