टर्बोचार्जरचा तेलपुरवठा (वापरलेले ट्रक)

इंजिनाचे तेल दाबाने टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टपर्यंत नेणारी आणि आपल्या वजनाने परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरू देणारी व्यवस्था. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि त्याचे बूश (शाफ्टला धरणाऱ्या कड्या) तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. काही सेकंद तेल तुटले तरी बूश ओढले जातात. जुन्या गाडीतल्या टर्बोचे दुखणे बहुधा तेलाचेच असते, म्हणून टर्बो उतरवण्याआधी त्याच्या दोन नळ्या पाहाव्यात.

गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा कित्येक टिप्पर पावसाळेच्या पावसाळे उभे राहिले. अशा गाडीच्या तेलात दमट हवेचे पाणी उतरते. ऑईल कॅपच्या आत दुधट साय दिसली तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. मात्र तशीच साय कूलंट गळूनही येते, तेव्हा रेडिएटरची पातळी आधी पाहावी. तुंबलेल्या फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून तेल जाऊ देणारी झडप) उघडला की न गाळलेले तेल थेट बूशांत जाते.

पुरवठ्याची नळी बारीक असते. चोर्ला किंवा अनमोड घाट भरल्या गाडीने चढून वर चहासाठी लगेच इंजिन बंद केले, की टर्बाइनची (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या पंख्याची) धग शाफ्टकडे सरकते आणि तिथे थांबलेले तेल जळून कोळसा होते. बंद करण्याआधी २-३ मिनिटे इंजिन स्लोवर (उभ्या गाडीत, रेस न देता) चालू ठेवावे, एवढाच उपाय. नळीत कोळसा धरला असेल तर तार घालून खरवडू नये, सुटलेली खपली बूशातच जाते. नळी नवी घालावी आणि बॅन्जो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे दोन्ही वायसरही नवेच. सिलिकॉन सीलंट अजिबात नको. त्याचा तुकडा सुटून तेलाचे भोक बंद करतो.

परतीची नळी जाड आणि सतत उतरती हवी, कारण तेल फेसाळून येते. निळा धूर दिसला की मिस्त्री सील गेले म्हणतात. पण ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) तुंबला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर चेंबरमध्ये दाब वाढतो, तेल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडते. तिथे नवा टर्बोही तसाच धूर देईल. तपासताना शाफ्ट आडवा किंचित हलणे ठीक; पंखा केसिंगला घासला किंवा पुढे-मागे हलणे हाताला जाणवले, तर टर्बो गेला.

नवा बसवताना तेलाच्या तोंडातून स्वच्छ तेल ओतून पंखा हाताने फिरवावा. मग परतीची नळी उघडी ठेवून, इंधन बंद करून १०-१५ सेकंदांच्या टप्प्यांनी स्टार्टर मारावा. खाली तेल आल्यावरच नळी जोडावी. इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत) साचलेले जुने तेल आधी काढलेले असावे. ते इंजिनात ओढले गेले तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.