डाळिंबाच्या बागा बघायला येताय? आधी हे वाचा

"बागा वाळल्या की काय?" मे महिन्यात आलेले पाहुणे गाडीतून हमखास विचारतात. वाळलेल्या नसतात, ताणावर असतात. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येणारा फुलोरा, धरायचा म्हणून बागायतदाराने मुद्दाम पाणी तोडलेलं असतं. पानगळ झाली की छाटणी, मग पाणी, आणि मग कळी. त्या दिवसांत बाग दाखवायचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. लगडलेली झाडं बघायची तर डिसेंबर-जानेवारीत या. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये.

सोलापुरातून सकाळी 7 ला निघतो, पण थेट बागेत नेत नाही. डाळिंबावरचा तेल्या रोग ओलाव्यातून पसरतो. दव असताना चार माणसं फांद्यांना अंग घासत फिरली तर कुठला बागायतदार आत घेईल? दव उतरेपर्यंत मंगळवेढा बघून होतं. साधारण 55 किलोमीटर. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. चोखोबांचा अंतही इथलाच, गावकुसाची भिंत अंगावर कोसळून. थंडीत काळ्या रानातल्या ज्वारीचा हुरडा मिळतो. शेंगदाण्याची चटणी आम्ही घेऊन येतो.

दहाच्या सुमारास सांगोल्याकडच्या बागेत. झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या दिसतील. हसू नका, फळाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून त्या असतात. ‘भगवा’ या डाळिंबाच्या वाणाचं फळ हातात बसेल एवढं दिसलं की तोडायचा मोह होतो. गेल्या साली एका पाहुण्याने ते हिसडा मारून ओढलं. देठापाशी साल फाटली, दाणे उघडे पडले, आणि मालक काही बोलला नाही याचीच आम्हाला जास्त लाज वाटली. तोडणी कात्रीनेच, मालकाच्या हातून. विकत घ्यायचं तर तो सांगेल तो दर. घासाघीस बाजारात करा.

रविवारी आलात तर सांगोल्याचा जनावरांचा बाजार चुकवू नका, खिलार बैल बघावेत तर तिथे. 28 डिसेंबर 2020 ला शेतमाल नेणारी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याच्याच स्टेशनातून, पश्चिम बंगालातल्या शालिमारला.

द्राक्षाच्या दिवसांत परतताना पंढरपूरजवळ कासेगावला बेदाण्याच्या शेडवर थांबतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो.

भाड्यात गाडी, चालक आणि हुरडा. जेवण वेगळं. उघड्या चपला नकोत. डाळिंबाला काटे असतात.