इसब की नायटा? ट्यूब पिळण्याआधी

मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर सोलणाऱ्या बाईचे हात पाहा. पेरांवर काळे डाग, तळव्याची सालं निघालेली, मधूनच पाणी भरलेले बारीक फोड. टरफलातल्या चिकाने हा दाह होतो, तो इसबाचाच एक प्रकार. आंबा उतरवताना देठाचा चीक गालाला लागून उठतो तो त्याचाच भाऊ, कारण आंबा आणि काजू एकाच कुळातले. या दाहावर स्टेरॉइडचं मलम चांगलं काम करतं. मग जुलै येतो, लावणीत दिवसभर ओले कपडे अंगावर राहतात, कमरेला नाडीच्या जागी खाज सुटते आणि फळीवर उरलेली तीच ट्यूब बाहेर निघते. घोळ इथे होतो, कारण ही खाज बहुतेकदा बुरशीची, म्हणजे नायट्याची असते.

स्टेरॉइड त्वचेतल्या प्रतिकारशक्तीला शांत करतं. रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, खाज थांबते. इसबात प्रतिकाराचा अतिरेक हाच आजार, म्हणून आराम पडतो. नायट्यात तोच प्रतिकार बुरशीला थोपवून धरत असतो. तो दाबला की चार दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी मोकाट सुटते. मलम थांबवलं की दुप्पट खाज, म्हणून पुन्हा मलम. हळूहळू नायट्याची किनार पुसट होते, कड्यात कडं उमटतं आणि नुसतं बघून ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं. मग खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. जांघेत महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होऊन लालसर पट्टे पडतात. ते कायमचे राहतात.

नायट्याची कडा उठावदार आणि खवल्यांची, मधली त्वचा बरीचशी साफ. घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. इसबाची कडा धूसर, आजूबाजूच्या त्वचेत विरत गेलेली. लहानपणापासूनचं असेल तर ते कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, बहुधा दोन्ही बाजूंना दिसतं. खरूज आणि पायाच्या बोटांमधल्या चिखल्या यांवरही हे मलम नको.

ट्यूबवर कंपनीचं नाव मोठं असतं. वाचायचं ते खालचं बारीक अक्षर. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध, क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. नावं कानाला इतकी जवळची की तोंडी मागताना अदलाबदल सहज होते. टक्क्यांवरही जाऊ नका: 0.05 टक्के क्लोबेटासोल हे 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कित्येक पटींनी जबर असतं. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र घातलेल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ ट्यूबा तर घरात ठेवूच नयेत. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. दुकानात चिठ्ठी मागितली नाही तरी आपण चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

मलम कुठे लावतो यावर ते किती आत जाणार हे ठरतं. 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिसोनवर झालेल्या मोजणीत कोपर ते मनगट या भागाच्या तुलनेत कपाळावर 6 पट, जबड्यावर 13 पट आणि अंडकोषाच्या त्वचेत 42 पट औषध शोषलं गेलं. म्हणून जाड त्वचेच्या तळहाताला बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं जोरकस मलम डॉक्टर देतात. चेहरा, जांघ आणि लहान मुलं यांना सौम्य औषध, तेही थोडेच दिवस. गोरेपणासाठी हे चेहऱ्याला चोपडणाऱ्यांना मुरुमं, बारीक लाल शिरा आणि सोडल्यावर होणारी आग या तिन्हींचा त्रास होतो.

प्रमाणाचं माप आपल्या बोटावरच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत पिळलेली मलमाची वळी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा होते. मनगटापर्यंतचे दोन्ही हात मागून-पुढून म्हणजे दोन वळ्या, एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर 15 ग्रॅमची ट्यूब दोन आठवडे पुरते. तीच तीन महिने पुरली असेल तर मलम कमी पडलं, आणि ‘गुण आला नाही’ याचं कारणही बहुधा तेच. स्टेरॉइडच्या भीतीने शेंगदाण्याएवढं फासणारेही पुष्कळ आहेत. क्लोबेटासोलला मात्र सक्त मर्यादा: आठवड्याला 50 ग्रॅमच्या आत आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त नाही.

इथल्या दमट हवेत चिकट मलम कोरड्या, जाडसर, भेगाळलेल्या हातापायांपुरतं ठेवावं. ओलसर, वाहत्या जागी क्रीम, डोक्याला लोशन. मलम लावून लगेच रबरी हातमोजे घालून मासळी साफ करायला बसू नये. झाकलेल्या त्वचेत औषध 10 पटींपर्यंत जास्त मुरू शकतं. बाळाच्या डायपरखालीही हेच घडतं. रात्री लावा, अर्ध्या तासाने साधं व्हॅसलीन चोळा. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. पुसट झालेला नायटा ओळखताना डॉक्टरांना पहिला धागा त्यांवरूनच मिळतो.