मेथीच्या गोणीत हात घालून बघा

सकाळी बाजारात गोणीत दाबून भरलेली मेथी येते ना, तिच्यात मधोमध एकदा हात घालून बघा, चक्क गरम लागते. उपटल्यावरही भाजी जिवंत असते, श्वास घेत असते, पानातली साखर जाळते आणि त्याची उष्णता गोणीत कोंडून राहते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो, म्हणजे गोणी जेवढी गरम तेवढी भाजी लवकर संपते. पानं कोमेजली, चुरगळली की व्हिटॅमिन सी तर भराभर जातं.

मला यात काळजी वाटते ती शाळेतल्या खिचडीची. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोरांसाठी रोज माणशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलंय. तांदूळ गोदामातून आला तरी टिकतो, पालेभाजी नाही टिकत. आणि १०० पोरांना लागते किती, तर ५ किलो! एवढी गावातल्याच कुणाच्या तरी वाफ्यांतून सहज निघते, मग तीच भाजी तालुक्याला जाऊन दुसऱ्या दिवशी सुकून गावात परत का यावी? ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला, शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करायचा.

डाळीतलं, पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, त्याच घासात व्हिटॅमिन सी असलं तर बरंच जास्त शोषलं जातं. पण व्हिटॅमिन सी पाण्यात वाहून जातं, जास्त शिजवलं की नासतं, म्हणून भाजी आधी धुवायची मग चिरायची, खिचडी होत आली की शेवटी टाकायची, वरून लिंबू पिळता आलं तर फारच छान. फोडणीचं ते ५ ग्रॅम तेलही कामाचं आहे बरं का, पानातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते, तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही.

पावसाळ्यात माठ, अंबाडी, थंडीत मेथी, चाकवत, फेब्रुवारीपासून शेवग्याच्या शेंगा. मार्च-एप्रिलच्या उन्हात पालेभाजी मिळेनाशी होते तेव्हा लाल भोपळा घ्यावा, जाड सालीमुळे त्यातलं पाणी उडत नाही, त्याचा श्वासही संथ असतो, त्यामुळे पिकलेला अख्खा भोपळा सावलीत, हवेशीर जागी दोन-दोन महिने राहतो आणि त्यातही कॅरोटीन भरपूर असतं.