चपलांचे कपाट

चपलांचे कपाट : घरातील माणसांची रोजच्या व प्रासंगिक वापराची पादत्राणे दाराजवळ ठेवण्यासाठी केलेली सोय. उघडा स्टँड, दारे असलेले कपाट, पुढे कलंडणारे कप्पे असलेले उथळ कपाट, वर बसता येईल असा बाक आणि क्वचित लागणाऱ्या जोडांसाठी झाकणाच्या पेट्या हे तिचे नेहमीचे प्रकार होत. निवड करताना बहुतेक कुटुंबे जोडांची संख्या आणि हॉलची शोभा यांचा विचार आधी करतात. महाराष्ट्राच्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर, ओले पादत्राण किती लवकर वाळेल हा प्रश्न त्या दोहोंच्या आधी यायला हवा.

पादत्राणे काढून घरात शिरण्याची रीत जुनी असली, तरी ती ठेवण्यासाठी वेगळे फर्निचर घेण्याची गरज अलीकडची आहे. वाड्यात चपला ओसरीच्या पायऱ्यांशी काढल्या जात, कोकणातल्या घरात पडवीच्या कडेला आणि मुंबईच्या चाळीत खोलीबाहेरच्या सामाईक गॅलरीत. या तिन्ही जागा छपराखाली असूनही वाऱ्याला मोकळ्या होत्या. फ्लॅटचे मुख्य दार थेट हॉलमध्ये उघडू लागले तेव्हा ही मधली जागाच उरली नाही आणि तिचे काम एका कपाटावर येऊन पडले. जपानी घरात दाराच्या आत एका पायरीने खाली असलेला ‘गेन्कान’ हा भाग असतो व त्यात ‘गेताबाको’ हे पादत्राणांचे कपाट असते. रीत दोन्हीकडे सारखीच असताना आपल्याकडचे नकाशे अशी जागा सहसा सोडत नाहीत, हे नवलच म्हणायचे.

पावसाळ्यात मुंबई व किनारपट्टीवर हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि चामड्यावर बुरशी धरायला तेवढी हवा पुरेशी असते. पायाच्या घामाने कोरडा दिसणारा बूटही आतून दमट असतो. तो दिवसभर मोकळ्या हवेत राहिला तरच नीट सुकतो. असा जोड सपाट दारांच्या बंद कपाटात लगेच ठेवला की वास व बुरशी शेजारच्या जोडांपर्यंत पोहोचते. म्हणून रोजच्या चपलांसाठी उघडा स्टँड, किंवा दाराला जाळी वा झडपा आणि पाठीला भोके असलेले कपाट घेणे श्रेयस्कर ठरते. कोल्हापुरी चपलेबाबत ही काळजी अधिकच लागते. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक (ठरावीक प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळाला. ती भिजली तर सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवावी लागते, कारण कडक उन्हात चामडे आखडते व तडकते. पावसाळाभर ती न वापरता ठेवायची असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सुती पिशवी बरी.

खेळाच्या बुटांना वेगळाच धोका असतो. त्यांपैकी अनेकांच्या तळव्यात पॉलियुरेथेन हे मऊ, लवचिक प्लॅस्टिक वापरलेले असते. हवेतील बाष्पाने या पदार्थाचे हळूहळू विघटन होते आणि काही वर्षे पेटीत जपून ठेवलेला, जवळजवळ नवा जोड पहिल्याच फेरफटक्यात भुगा होऊन गळू लागतो. त्यामुळे बंद पेटीत जोड ठेवताना तो पूर्ण कोरडा असणे, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालणे आणि त्या अधूनमधून बदलणे आवश्यक असते. सुंदर पारदर्शक पेट्यांची चळत हा म्हणूनच आपल्या हवेत अर्धाच उपाय आहे.

मापांमध्ये कपाट भिंतीपासून किती पुढे येते हे सर्वांत निर्णायक असते. पुरुषाचा बूट टाचेपासून टोकापर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर भरतो. त्यामुळे सरळ फळीच्या कपाटाला ३२ ते ३५ सेंटिमीटर जागा द्यावी लागते. कलंडणाऱ्या कप्प्यांत जोड उभे राहतात आणि २० सेंटिमीटरच्या आसपास काम भागते, म्हणून अरुंद पॅसेजमध्ये तेच परवडते. मात्र उंच टाचेचे व घोट्यापर्यंतचे बूट त्यांत अडतात. एका जोडाला आडवी २० ते २२ सेंटिमीटर जागा धरली, तर ८० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर तीन-चार जोड मावतात. फळ्यांमध्ये चपलांसाठी १५ सेंटिमीटर अंतर पुरते, गमबुटांना ३५ ते ४० लागते. फळ्या वरखाली सरकवता येत असतील तर उत्तम. मुलांच्या चपलांसाठी खाली टोपली ठेवण्याची युक्ती सोयीची असते, फक्त तीत चपला उलट्या पडतात आणि उलटी चप्पल घरात भांडण लावते असे मानणारी आजी ती टोपली फार दिवस टिकू देत नाही.

सर्वांत खालची फळी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर असावी. त्याखालून फरशी पुसता येते आणि झुरळांना आडोसा मिळत नाही. ओल्या चपलांची जागा खालीच हवी व तिच्याखाली ताट हवे, नाहीतर पट्ट्यांच्या फळीतून गळलेला चिखल खालच्या जोडांवर पडतो. कोकणात व ग्रामीण भागात विंचू, क्वचित साप, बुटांच्या अंधाऱ्या पोकळीत शिरतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या प्राझोसिन या औषधावरील कामामुळे विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप घटले, तरी बूट झटकून मगच घालण्याची सवय तिथे आजही गरजेची आहे.

साहित्यांत लाकडाचा भुसा दाबून केलेले पार्टिकल बोर्ड स्वस्त असते, पण कडेने पाणी शिरले की फुगते आणि पुन्हा सरळ होत नाही. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड महाग असले तरी ओल सोसते. किनाऱ्याजवळच्या घरात लोखंडी स्टँड रंगाचा टवका उडेल तिथून गंजू लागतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ क्रमांकाची प्रत २०२ क्रमांकाच्या प्रतीपेक्षा अधिक टिकते. साधा प्लॅस्टिकचा स्टँड दिसायला यथातथाच असतो, मात्र धुता येतो, आणि भाड्याच्या घरात त्याहून सोयीचे काही नाही.

जागेअभावी अनेक घरांत हे कपाट दाराबाहेर, जिन्याच्या चौकात येते. आग लागली असता धुरात उतरणाऱ्यांना तोच रस्ता असतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक जागेवर अतिक्रमण करणाऱ्या सभासदाकडून, ते हटेपर्यंत, मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम दरमहा आकारता येते. प्रत्यक्षात शेजारी एकमेकांच्या स्टँडकडे कानाडोळा करतात आणि तक्रार बहुधा वासामुळे होते.