कम्युनिटी टँकमधल्या सिक्लिडची मंद वाढ

एकाच दिवशी एकाच मापाची पिल्लं टँकमध्ये सोडली आणि काही महिन्यांनी त्यातलं एक दुप्पट झालं, दुसरं मात्र जेवढ्यास तेवढं, ही सिक्लिड मासे पाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार. याला मंद वाढ किंवा वाढ खुंटणं म्हणतात. हा स्वतःहून कुठला रोग नाही, लक्षण आहे, आणि त्यामागं बहुतेक वेळा पाणी, खाणं, टँकमधली दादागिरी आणि पोटातले जंत यातलं काहीतरी असतं, किंवा दोन-तीन गोष्टी एकदम. लोक आधी पेलेटचा, म्हणजे दाणेदार खाण्याचा, ब्रँड बदलतात, खरं तर तो मुद्दा बऱ्याच खाली येतो.

सगळ्यात आधी मासा कुठला आहे ते बघायचं, कारण सिक्लिड हे एक भलंमोठं कुटुंब आहे, १,७०० च्या वर जातींची नोंद झालेली आहे आणि सगळ्यांना एकच पट्टी लावून चालत नाही. ऑस्करचं पिल्लू चांगल्या टँकमध्ये सुरुवातीला महिन्याला साधारण इंचभर वाढतं आणि मोठा ऑस्कर ३० सेंमीच्या पुढं जातो. उलट आफ्रिकेतल्या टँगानिका तलावातला शंखात राहणारा मल्टीफॅसिएटस मुळातच ४-५ सेंमीचा आणि तोही निवांत वाढणारा. फ्रंटोसा मोठा होतो पण त्याला कित्येक वर्षं लागतात, त्यामुळं फ्रंटोसा वाढत नाही म्हणून घाबरणं म्हणजे उगाच डोक्याला ताप. नर-मादीचा फरकही धरायचा. आफ्रिकेतल्याच मलावी तलावातल्या एमबुनांमध्ये, म्हणजे खडकांत राहणाऱ्या सिक्लिडमध्ये, नर सहसा मोठे होतात, आणि लँप्रोलोगस कॅलिप्टेरस या सिक्लिडमध्ये तर नराचं वजन मादीच्या १२ पटीच्या आसपास जातं. शिवाय तोंडात अंडी सांभाळणारी मादी तीन आठवडे जवळजवळ काहीच खात नाही, ती पाठोपाठ अंडी धरत राहिली तर मागं पडणारच.

खरी गोम कम्युनिटी टँकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टँकमध्ये, आहे. खाणं टाकल्यावर नुसतं पाच मिनिटं समोर बसून बघावं. बार्ब आणि टेट्रा हे चपळ छोटे मासे पाण्याच्या वरच्या थरात तुटून पडतात, एंजल हा सिक्लिड पेलेटकडे जातो, एका डोळ्यानं न्याहाळतो, तोंड उघडेपर्यंत ते दुसऱ्यानं पळवलेलं असतं. आणि हीटरच्या मागं, वरच्या कोपऱ्यात एक मासा पर मिटून, रंग काळवंडून उभा असतो, तो सगळं शांत झाल्यावर खाली पडलेला चुरा खायला येतो आणि अर्ध्या वाटेतून पळवला जातो. टँकमध्ये खाणं भरपूर पडतंय आणि मासा उपाशी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. मालक मात्र छातीठोकपणे सांगतो की मी दिवसातून तीनदा घालतो.

दादागिरीचा परिणाम फक्त खाण्यापुरता नसतो. सतत पळवल्या जाणाऱ्या माशाच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढलेलं राहतं, भूक मरते आणि जे पोटात जातं तेही पळण्यात खर्च होतं. पण वरचा मासा वाढतो आणि खालचा खुंटतो इतकं हे सरळही नाही. टँगानिकाच्याच बर्टोनी सिक्लिडवर स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २० आठवडे नरांवर लक्ष ठेवलं होतं. निघालं ते भलतंच, इलाका नसलेले आणि वर चढत असलेले नर जास्त वेगानं वाढत होते, तर इलाका राखणारे आणि हुद्दा गमावलेले नर मंदावले, काही तर चक्क आकसले. म्हणजे इलाका सांभाळण्याचीही किंमत शरीराला मोजावी लागते. पुल्चर नावाच्या दुसऱ्या सिक्लिडमध्ये कुटुंबात राहणारे मदतनीस मासे मुख्य जोडीपेक्षा लहान राहतील अशा बेतानं आपली वाढ आवरतात, कारण बरोबरीला आले की हाकलले जाण्याची भीती. माशांची वाढ आयुष्यभर थोडीफार चालू राहते आणि परिस्थिती बघून कमी-जास्त होते, त्यामुळं हे शक्य होतं. घरच्या टँकमध्ये फरक एवढाच की हरलेल्याला लांब निघून जायला जागाच नाही, चार फुटांचा टँक म्हणजे अख्खा एकाच नराचा इलाका.

पाण्याचं थोडक्यात सांगायचं तर अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं शून्य हवीत, यात तडजोड नाही, आणि त्यांच्यापासून शेवटी बनणारं नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाखात ४० भाग) खाली, पिल्लं असतील तर २० च्या आसपास. आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदललं की बऱ्याच टँकमध्ये एवढ्यानंच फरक दिसतो. मासा टँकच्या मापानं वाढतो हे लोक कौतुकानं सांगतात, पण त्यात कौतुकाचं काही नाही, छोट्या टँकमध्ये घाण पटकन साठते, हालचाल होत नाही आणि मासा खुंटतो. तापमानाचाही खेळ आहे. डिस्कस या सिक्लिडला २८ ते ३० डिग्री सेल्सियस लागतात, पण सोबतच्या माशांना सोसावं म्हणून टँक २५ वर ठेवला की डिस्कसचं पचन आणि वाढ दोन्ही रेंगाळतात. मलावी-टँगानिकाच्या माशांना कडक, अल्कधर्मी पाणी लागतं, त्यांना मऊ आम्लधर्मी पाण्यातल्या माशांसोबत घातलं तर कोणीतरी एक कायम अडचणीत.

खाण्यात पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं आणि प्रोटीन जास्त, मोठ्यांना एक-दोनदा पुरे. पण वाढ हवी म्हणून एमबुना किंवा ट्रॉफियससारख्या शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशांना ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि बीफहार्ट (गोमांसाचं हृदय) भरवायला गेलं तर पोट फुगून मासा हातचा जायचा. वर्षभर उघडा पडलेला पेलेटचा डबाही बदलावा, त्यातलं व्हिटॅमिन सी कधीच गेलेलं असतं.

मासा नीट खातोय, कोणी त्रास देत नाही, तरी पोट खपाटीला आणि पाठ सुरीच्या धारेसारखी झाली असेल तर जंत किंवा आतड्यातले परजीवी धरावेत. पांढरी, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा आली तर स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातल्या परजीवीचा संशय घेतात, त्यावर मेट्रोनिडाझोल वापरतात. शेपटीखालच्या छिद्रातून लाल धागे डोकावत असतील तर ते कॅमॅलॅनस जंत, त्यांना मेट्रोनिडाझोल लागू पडत नाही, लेव्हॅमिसोलसारखं जंतांचं औषध लागतं. औषध देऊनही मासा झडतच गेला तर माशांच्या टीबीचीही शक्यता असते, आणि तो जंतू हाताच्या जखमेतून माणसाला लागू शकतो, म्हणून अशा टँकमध्ये उघडी जखम घेऊन हात घालू नये.

आणखी एक कारण मत्स्यशेतीतून नीट कळतं. तिलापिया हाही सिक्लिडच, आणि तळ्यात नर-मादी एकत्र सोडले की ते लहान वयातच अंडी घालायला लागतात, तळं पिल्लांनी भरतं आणि सगळेच बारके राहतात. म्हणून बरेच शेतकरी फक्त नर वाढवतात. कॉन्व्हिक्ट या भराभर पिल्लं घालणाऱ्या सिक्लिडची जोडी असलेल्या घरच्या टँकमध्ये वेगळं काही होत नाही.

उपाय करताना मागं पडलेल्याला आधी वेगळं काढावं. स्पंज फिल्टर आणि हीटर लावलेला साधा टँक, बरोबरीच्या मापाची दोन-चार पिल्लं आणि रोजचं स्वच्छ पाणी, एवढं पुरतं. ते जमत नसेल तर दगडांची मांडणी बदलायची म्हणजे जुने इलाके मोडतात, आणि खाणं टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाकायचं. एमबुनांच्या टँकमध्ये मुद्दाम गर्दी केली की मार एकट्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो हे खरं, पण मग फिल्टर दुप्पट ताकदीचा लागतो, नाहीतर दादागिरी कमी झाली आणि नायट्रेट वाढलं असं होतं. प्रगती डोळ्यांनी मोजू नये, रोज बघणाऱ्याला काहीच कळत नाही, काचेवर पट्टी चिकटवून महिन्यातून एकदा फोटो काढावा आणि शेपटी सोडून लांबी धरावी. थोडे दिवस उपाशी राहिलेला मासा नंतर झपाट्यानं भरून काढतो, पण लहानपणीच बराच काळ खुंटलेल्याचं डोकं आणि डोळे अंगाच्या मानानं मोठे दिसायला लागले असतील तर तो जातीच्या पूर्ण मापाला सहसा येत नाही. त्याला पुन्हा मोठ्या टँकमध्ये सोडायची घाई न करता बारक्या, शांत माशांसोबतच ठेवलेलं बरं.