म्हैसूरची शाई आणि लोकशाहीची निर्यात

मतदान करून केंद्राबाहेर आलं की खानापूर-निपाणीकडची माणसं डाव्या हाताची तर्जनी दाखवतात. नखाला टेकून ओढलेली जांभळी रेघ उन्हात काळी पडत जाते, कारण तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. १९६२ पासून ती देशभर वापरली जाते आणि २५ हून जास्त देशांत जाते. परदेशात लोकशाही नेण्याची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते.

परराष्ट्र धोरण म्हणून ही कल्पना अमेरिकेने उचलून धरली. एप्रिल १९१७ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी जग लोकशाहीसाठी सुरक्षित करायचं म्हणून पहिल्या महायुद्धात उतरण्याची परवानगी मागितली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सेनापती मॅकआर्थर यांच्या अधिकाऱ्यांनी जपानच्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला, ती १९४७ मध्ये लागू झाली आणि टिकली. पण जपानमध्ये १८९० पासून संसद होती. जमीन आधीच नांगरलेली होती, हे सांगायचं राहून जातं.

१९५३ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या ऑगस्टमध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांना उलथवलं. त्यांनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. त्याच वर्षी आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीवर देखरेख करायला गेले. तिथलं सरकार १९५८ मध्ये लष्कराने बळकावलं, म्हणून सेन यांचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी निवडणूक घेऊन दाखवली, निकाल ठरवून दिला नाही.

जून १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ब्रिटिश संसदेत लोकशाहीच्या प्रसाराची हाक दिली. पुढच्याच वर्षी त्यासाठी अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी संस्था उभी राहिली. २००३ मध्ये इराकवर अमेरिकेचं सैन्य गेलं ते संहारक शस्त्रांचं कारण सांगून. शस्त्रं सापडली नाहीत, तेव्हा लोकशाहीचं कारण पुढे आलं. जानेवारी २००५ मध्ये इराकी मतदारांची जांभळी बोटं जगभर छापून आली. जीव मुठीत धरून रांगेत उभ्या राहिलेल्या त्या माणसांबद्दल मला आदरच आहे, पण ते धैर्य त्यांचं होतं, सैन्याचं नव्हे.

आमच्याकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि सीमाप्रश्न सुरू झाला. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत त्याकडे लक्ष वेधायला बेळगाव मतदारसंघात माणसं अर्ज भरत गेली. शेवटी ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. एवढी नावं एका कागदावर मावणारच नव्हती. अर्ज कसा भरायचा, हे शिकवायला कुठली परदेशी संस्था आली नव्हती. तेव्हा अनामत रक्कम ५०० रुपये होती. त्याच वर्षी ती १०,००० करण्यात आली.